इंजिनकामाची हत्यारं भंगारातून करायची तर

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा की आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलंस, गावात रस्त्याकडेला शेड टाकलीस, कामं येतात ती स्प्लेंडर, शाईन, अधूनमधून बुलेट आणि शेतकऱ्यांची पाच एचपीची पाणी उपसायची इंजिनं, स्पेशल टूलचा सेट घ्यायला आत्ता पैसे नाहीत, तर भंगारातून काय काय बनवता येईल आणि ते टिकेल का. बरंच काही बनवता येतं, आणि नीट केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण सरसकट सगळं करायला जाऊ नकोस. मी हत्यारांचे तीन ढीग करतो. जे हत्यार ढकलतं, ओढतं किंवा धरून ठेवतं ते बिनधास्त घरी कर. जे मोजतं ते विकत घे. आणि ज्याच्या आत दाब कोंडलेला असतो, हवेचा असो की डिझेलचा, ते करायचं तर फुटलं तर तुकडा कुठल्या बाजूला जाईल हे आधी ठरव आणि मगच वेल्डिंग मशीन चालू कर.

मोजायच्या हत्यारांचं आधी उरकून टाकतो. फिलर गेज (फट मोजायची पाती), व्हर्नियर आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळायचा पाना) ह्यात पैसे वाचवू नकोस. प्लगच्या गॅपला आपल्याकडे सगळेच हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घालतात, ब्लेड साधारण ०.६५ मिमी जाड असतं म्हणून प्लगला ते चालून जातं, पण तीच सवय टॅपेटला, म्हणजे व्हॉल्वच्या फटीला, लावली की फट फार मोठी राहते, टॅपेट वाजतात आणि व्हॉल्व पूर्ण उघडत नाहीत. टॉर्क पाना येईपर्यंत एक गोष्ट मात्र घरच्या घरी होते, आणि पाना आल्यावरही तो बरोबर दाखवतोय का हे तपासायला कामी येते. एक लांब दांडीचा पाना घे, नटाच्या मध्यापासून बरोबर ३० सेंटीमीटरवर दांडीला खाच पाड आणि त्या खाचेत वजनाचा स्प्रिंगकाटा अडकव. पुस्तकात १२ न्यूटन-मीटर लिहिलं असेल तर ते झाले साधारण १.२२ किलो-मीटर, म्हणजे त्या खाचेवर ४ किलोची ओढ. फक्त काटा दांडीला काटकोनात ओढायचा, तिरका ओढलास की काटा जास्त दाखवतो आणि नट कमी आवळलेला राहतो. काटा आधी किराणा दुकानातल्या मापाचं वजन टांगून तपासून घे.

आता लोखंडाबद्दल, कारण भंगारातून हत्यार करायचं म्हणजे निम्मं काम तुकडा ओळखण्याचंच असतं. ट्रकचा किंवा ट्रॅक्टर ट्रॉलीचा तुटलेला पाटा हा सगळ्यात कामाचा माल, त्यात कार्बन भरपूर, सिलिकॉन किंवा क्रोमियमही असतं, पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून बुडवलं, की कडक होतो आणि कडक होऊनही चिवट राहतो. छिन्नी, पंच, पाचर, टायर लिव्हर, पट्टी पाना हे सगळं पाट्यातून कर. ट्रकचा एक्सल शाफ्ट म्हणजे पुलरचे (घट्ट बसलेला भाग ओढून काढायच्या हत्याराचे) स्क्रू आणि जाड पंच करायला उत्तम. बेअरिंगची रेस, म्हणजे गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी, खूप कडक असते, ती दाबायला वापरायची, हातोड्याखाली कधीच धरायची नाही, तिचा टवका बंदुकीच्या छऱ्यासारखा उडतो. जुन्या कानशीचं तेच. कानशीचा स्क्रॅपर छान होतो, गॅस्केट खरवडायला त्याच्यासारखं काही नाही, पण कानस ठोकायची नाही. पिस्टन पिन बाहेरून कडक आणि आतून मऊ असते, तिची नळी दाबायला चालते, तिला आटे पाडत बसू नकोस. जुने व्हॉल्व फेकू नकोस, फक्त आधी चुंबक लाव. इनटेकला चुंबक चिकटतो, एक्झॉस्टच्या डोक्याला बऱ्याचदा चिकटत नाही, ते वेगळं पोलाद, त्याला कितीही तापवून बुडवलं तरी ते कडक होत नाही, त्यामुळे त्याची छिन्नी होणार नाही, पण गाईड बाहेर काढायचा पंच मात्र मस्त होतो. आणि मोठ्या गाडीचा नेहमीपेक्षा जाड दांड्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व भंगारात मिळाला तर तो कापू नकोस. त्यातले काही आतून पोकळ असतात आणि आत सोडियम भरलेलं असतं, सोडियमला पाणी लागलं की ते पेट घेतं.

शॉकअपच्या रॉडवर क्रोम असतं आणि जीआय पाईपवर जस्त. दोन्ही ठिकाणी वेल्डिंगच्या आधी तो थर चांगला दोन इंच मागपर्यंत ग्राइंडरने काढून टाक, तोंडाला मास्क लाव आणि उघड्यावर बस. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, क्रोमचा धूर त्याहून वाईट.

पाट्याला पाणी कसं द्यायचं तेही सांगतो. आधी लाल करून राखेत सावकाश थंड होऊ दे, मऊ झाला की कापून घासून आकार दे. मग टोक परत तापव, मधे मधे चुंबक लावत राहा, चुंबक चिकटायचा थांबला की अजून थोडं, लालभडक होईपर्यंत तापव आणि तेलात बुडव, पाण्यात बुडवलास तर पाट्याला चिरा जातात. तेल शेंगदाण्याचं असलं तरी चालतं, लोखंडी डब्यात घे आणि डब्याचं झाकण हाताशी ठेव, भडका उडाला तर झाकायला. बाहेर काढल्यावर तो काचेसारखा ठिसूळ असतो, तसाच वापरायचा नाही. एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत कर आणि मागून, म्हणजे हातात धरायच्या बाजूने, सावकाश उष्णता दे. आधी पिवळा रंग सरकत येतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. छिन्नी-पंचाला जांभळा टोकाशी पोचला की लगेच पाण्यात. लिव्हरला पूर्ण निळा होऊ दे.

आता हत्यारं. तुझ्या कामात पहिल्यांदा अडेल ते मॅग्नेट, म्हणजे क्रँकवरचं चुंबकांचं फ्लायव्हील, काढायला, म्हणून पुलर आधी कर. मॅग्नेटच्या बाहेरच्या कडेला पकडणारा तीन पायांचा पुलर कधी लावू नकोस, कड वाकडी होते, आतली चुंबकं सुटतात आणि मग ती आतल्या कॉइलला घासतात. फ्लायव्हीलच्या बॉसला, म्हणजे मधल्या जाड भागाला, कंपनीने आटे दिलेले असतात ते ह्याचसाठी. मॉडेलप्रमाणे ते बाहेरून असतात किंवा आतून, आणि सरळ असतात किंवा उलटे. ते मोजून घे, अंदाजाने नको. एक्सल शाफ्टचा तुकडा लेथवर देऊन त्या आट्यांचा बॉडी पीस करून घ्यायचा आणि त्याच्या मधे बारीक पिचचा स्क्रू. बारीक पिच का, तर तेवढ्याच हाताच्या जोरात ओढ जास्त मिळते. स्क्रूचं टोक गोल घास आणि त्याच्यासमोर क्रँकच्या तोंडावर एक पितळी बटण ठेव, नाहीतर क्रँकच्या आतले आटे पसरतात.

वापरताना बॉडी पीस आट्यांत पूर्ण बसव, चार आटे पकडून खेचलंस तर ते चार आटे घेऊनच बाहेर येईल. स्क्रूला ग्रीस लाव, ताण दे, हाताला कडक लागला की थांब आणि स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एक सरळ टोला दे. टेपरवरून मॅग्नेट टक्क करून सुटतं. नाही सुटलं तर अजून पाव फेरा आणि परत टोला. नट पूर्ण काढून बाजूला ठेवायचा नाही, दोन आट्यांवर ठेवता येत असेल त्या ठिकाणी तसाच राहू दे, मॅग्नेट सुटून पायावर पडत नाही.

शेतीच्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांची गोष्ट वेगळी. त्यांची फ्लायव्हील जड, आणि शाफ्टवर डोकं असलेली चावी ठोकून बसवलेली असते. लोक त्या चावीच्या डोक्याला पाईप पाना लावून हिसके देतात आणि डोकं तुटलं की मग सगळा दिवस ड्रिल मारण्यात जातो. त्याच्यासाठी पाट्याची दोन पायांची पाचर कर, दोन पायांच्या मधली खाच चावीच्या जाडीपेक्षा जरा मोठी, आणि पायांना उतार अगदी थोडा, १० सेंटीमीटर लांबीत १ सेंटीमीटर पुरे. चावीच्या डोक्याच्या आणि हबच्या मधल्या फटीत ती घालायची. चावीवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेव, आणि पाचर ठोकताना फ्लायव्हीलखाली लाकडाचा ठोकळा दे, चावी निसटली की जड चाक हलतं. उतार जास्त ठेवलास तर पाचर उडून परत येते, म्हणून घाई झाली तरी उताराचं माप पाळ.

नट सोडताना इंजिन फिरू नये म्हणून काय करायचं, तर सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे सुती दोरी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर येत असताना, म्हणजे दोन्ही व्हॉल्व बंद असताना, टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या, थोडं आधी थांबव, प्लगच्या भोकातून दोरी आत सार, एक टोक बाहेर राहू दे, आणि इंजिन हळूच पुढे फिरव. दोरी पिस्टन आणि हेडच्या मधे दबते आणि इंजिन लॉक होतं. जुन्या प्लगच्या बॉडीत बोल्ट घालून पिस्टनला अडवायचा स्टॉपर पण लोक करतात, तो टीडीसी शोधायला चांगला, पण नट सोडायला त्याचा आधार घेऊ नकोस, सगळा जोर अॅल्युमिनियमच्या पिस्टनवर एका ठिपक्यात येतो आणि पिस्टनला भोक पडतं.

क्लचचा हब धरायला जुनी स्टील प्लेट, तीच जिला आतल्या बाजूने दाते असतात, दोन-तीन एकावर एक ठेवून कडेने टाके मार आणि त्याला पाट्याचं हँडल जोड. टाके मारताना दाते एका रेषेत राहावेत म्हणून प्लेटा जुन्या हबवरच चढवून टाके मार. मॅग्नेट किंवा पुली बाहेरून धरायची असेल तर जुना फॅनबेल्ट, त्याचं एक टोक पाईपच्या दांडीला बोल्टने आवळायचं आणि दुसरं टोक गुंडाळून हातात धरायचं. साखळी वेल्ड करून पण होतं पण साखळीचे वळ उठतात, मी बेल्टच वापरतो.

स्प्लेंडरच्या इंजिनात तो चार खाचांचा गोल नट असतो ना, त्याला छिन्नीने ठोकून ठोकून खाचा गोल झालेल्या किती गाड्या आपल्याकडे येतात बघ. त्याचा सॉकेट करायला जाड भिंतीचा प्लगपाना किंवा बॉक्स पाना घे, तोंड ग्राइंडरवर सपाट कर, नटाच्या तोंडावर ठेवून खाचांच्या जागा खडूने मार्क कर आणि मधला भाग घासून चार दाते मागे ठेव. दाते खाचेत ढिले बसता कामा नयेत आणि दातांच्या बाजू उभ्या सरळ असू देत. बाजू उतरत्या झाल्या की जोर आला की सॉकेट वर चढतं आणि निसटतं, छिन्नीने होतं तेच नुकसान परत होतं. ग्राइंडरवर पाना निळा पडू देऊ नकोस, दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडव, निळा पडला की तिथे तो मऊ झाला आणि दाते वाकतील.

बेअरिंग बसवायला वेगळं काही घ्यायची गरजच नाही. खराब निघालेलं बेअरिंग जपून ठेव, त्याच नंबरच्या नव्या बेअरिंगला तेच हत्यार. जुन्याची बाहेरची रेस ग्राइंडरवर सगळीकडून सारखी फिरवत घासून केसापुरती लहान कर, म्हणजे ती हाऊसिंगमध्ये अडकत नाही, आणि तिच्यावरून नवं बेअरिंग प्रेसमध्ये दाब. हाऊसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या रेसवर दाब, शाफ्टवर बसवताना आतल्या रेसवर. उलट केलंस की सगळा जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. मुळात क्रँककेसला जोर लावायची वेळ येऊच देऊ नये. केस मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात ठेव. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही त्यामुळे केस वाकडी व्हायची भीती नाही, ब्लो लॅम्पने एकाच जागी तापवलं तर ती असते. अॅल्युमिनियम किती फुगतं त्याचा हिशोब बघ. ६२०४ बेअरिंग बाहेरून ४७ मिमी असतं, केस साध्या तापमानापासून उकळत्या पाण्यापर्यंत गेली की तेवढ्या भोकात जवळपास ०.०८ मिमीची वाढ होते. बेअरिंग फ्रीजमधून काढून थेट त्यात सोड, बऱ्याचदा हाताच्या दाबाने बसतं. फक्त पाण्यातून काढल्यावर केस लगेच कोरडी पुसून तेल लाव.

प्रेससाठी १०० मिमीचे दोन चॅनेल पाठीला पाठ लावून खालचा आडवा बीम कर, दोन उभ्यांच्या मधला गाळा ५० सेंटीमीटरच्या आत ठेव. एवढ्याला ५ टनी बॉटल जॅक आरामात चालतो, १० टनाला तो बीम अगदी काठावर येतो, म्हणून ५ वरच थांब, तुझ्या कामाला तेवढा पुरतो. महत्त्वाची गोष्ट अशी की दाबाचा भार वेल्डिंगच्या टाक्यावर यायला नको. आडवा बीम उभ्यांना वेल्ड करून अडकवू नकोस, उभ्यांना आरपार भोकं पाडून २० मिमीच्या पिना घाल आणि बीम त्या पिनांवर बसू दे. वेल्डिंग फक्त जागेवर धरायला. वरचा बीमसुद्धा उभ्यांच्या आतून पिनेने घे. पिनांना पिस्टन पिन वापरायचा मोह होतो पण ती वरून कडक असते, तडकते, त्यापेक्षा शाफ्टचा सळईचा तुकडा बरा. जॅक उभाच ठेव, आडवा किंवा उलटा केला की साधा बॉटल जॅक तेल ओढत नाही. जॅकची पाटी परत वर जायला गाडीच्या सेंटर स्टँडच्या दोन जुन्या स्प्रिंगा लाव. आणि दाबायच्या जागेसमोर तोंड करून कधी उभं राहू नकोस, बाजूला उभा राहा.

कॉम्प्रेशन बघायचं हत्यार ह्यावर जरा जास्त लिहितो, कारण गिऱ्हाईकाला इंजिन खोलायच्या आधी खरं सांगता येणं हे ह्या एका हत्यारावर अवलंबून आहे. जुना प्लग घे. वरची कड जिथे पोलाद चिनी मातीवर दाबून वळवलेलं असतं ती कड ग्राइंडरवर घासून टाक, मग खालच्या टोकाकडून ठोकलं की आतली चिनी माती अख्खी बाहेर येते, हातोडीने फोडत बसायला लागत नाही. गॉगल घालच. खालचा वाकडा इलेक्ट्रोड घासून काढ. आता तुझ्या हातात आट्यांची पोकळ बॉडी आहे. स्प्लेंडरचा प्लग १० मिमीचा आणि जुन्या बुलेटचा १४ चा, दोन्ही करून ठेव. मेलेल्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व कापून घे, आतली व्हॉल्व पिन काढून ठेव, कारण तिचं रबर उष्णतेने जळतं, आणि तो व्हॉल्व गॅसवर पितळ मारून बॉडीत असा बसव की व्हॉल्व पिन शक्य तेवढी सिलेंडरच्या जवळ येईल. थंड झाल्यावर पिन परत घाल आणि वर होज आणि गेज.

पिन सिलेंडरजवळ का, तर हिशोब करून बघ. स्प्लेंडरचं सिलेंडर ९७ सीसी, कॉम्प्रेशन रेशो नऊला एक धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त १२ सीसी. तुझ्या अडॅप्टरमध्ये पिनेच्या खाली ३ सीसी पोकळी राहिली तर रेशो साडेसातच्याही खाली येतो. म्हणजे इंजिन ठणठणीत असून गेज कमी दाखवणार, आणि तू गिऱ्हाईकाला बोअर करायला सांगणार. पिन होजच्या पलीकडच्या टोकाला, गेजजवळ लावली तर आख्खा होज त्या पोकळीत जमा होतो, मग तर आकड्याला अर्थच उरत नाही. टायरच्या व्हॉल्व पिनेची स्प्रिंगही थोडी कडक असते, तेवढा आकडा कमी येतो. म्हणून घरच्या गेजवर पुस्तकातला आकडा शोधू नकोस. तुला माहीत असलेल्या चांगल्या इंजिनाचा आकडा आधी घे, वहीत लिहून ठेव, तोच तुझा बेस. चाचणीला थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मार, आकडा वाढायचा थांबेपर्यंत. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघ. आकडा चांगला वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट.

त्याच बॉडीतली व्हॉल्व पिन काढून टाकली की दुसरं हत्यार तयार, लीक टेस्टचं. दोन्ही व्हॉल्व बंद, पिस्टन टीडीसीला, आणि कॉम्प्रेसरची ३-४ किलोची (दर चौरस सेंटीमीटरला) हवा आत सोड. सायलेन्सरमध्ये फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आली तर इनटेक, ऑइल टाकायच्या भोकातून आली तर रिंगा. कानाला जुन्या पेट्रोल पाईपचा तुकडा लावून ऐक, शेडमध्ये गोंगाट असला तरी कळतं. पण इंजिन धरून ठेव. स्प्लेंडरचा पिस्टन ५० मिमीचा, त्यावर ४ किलोच्या हवेने जवळपास ८० किलोचा जोर येतो, डिझेल इंजिनाच्या ८० मिमी बोअरला तोच २०० किलोपर्यंत जातो. पिस्टन टीडीसीवरून जरा जरी सरकलेला असला तर चाक झटक्यात फिरतं. गाडी टॉप गिअरला टाकून कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांग, आणि डिझेल इंजिनाला हँडल लावून ठेवून हवा सोडू नकोस, हँडल काढून बाजूला ठेव.

व्हॉल्व स्प्रिंग दाबायला सी क्लॅम्प आणि पाईपचा तुकडा पुरतो, पाईपला बाजूने खिडकी काप म्हणजे लॉक, व्हॉल्वच्या दांड्यावर स्प्रिंग अडकवणारे बारीक तुकडे, चिमट्याने काढता येतात. बसवताना लॉकला ग्रीस लाव, चिकटून राहतात. व्हॉल्व घासायला दांड्यावर जुना पेट्रोल पाईप चढव आणि दोन तळहातांत फिरव. ड्रिल मशीनला लावून फिरवणारे बघशील, त्यांचं बघून करू नकोस, सीटवर गोल रेघा पडतात. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाच मिनिटं ठेव, खाली ओल दिसली तर परत घास.

डिझेलकडे येऊ. पंपाचं टायमिंग बघायला लागणारी वाकडी नळी बाजारात शोधायला जाऊ नकोस, जुन्या हाय प्रेशर पाईपचा नटासकट वीतभर तुकडा काप, एखाद्या छोट्या पुलीवर थंडच वळवून हंसाच्या मानेसारखा आकार दे, टोक घासून बारीक कर, आतून कचरा साफ कर, झालं. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेव, ती जोडी सीटला घासून जुळवलेली असते, धुळीचा कण लागला तरी वाया जाते. होल्डर परत लाव, वर ही नळी, रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करायची दांडी, पूर्ण फ्युएलला, आणि टाकीचा कॉक उघड. नळीतून डिझेलची धार लागेल. आता फ्लायव्हील चालायच्या दिशेने अगदी सावकाश फिरव. धारेचे थेंब होतील, थेंब थांबले तिथे थांब. पंप तिथून डिझेल ढकलायला लागतो. फ्लायव्हीलवरची कंपनीची खूण जुळते का बघ. खूण पुसली असेल तर फ्लायव्हीलचा घेर टेपने मोज, ३६० ने भाग, तेवढे मिमी म्हणजे एक अंश, आणि टीडीसीपासून पुस्तकातले अंश मोजून खडूने रेघ मार. पंपाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, वाढवली की टायमिंग मागे जातं, कमी केली की पुढे. आपल्या भागात धूर मारणारी कितीतरी इंजिनं फक्त शिमा हरवल्यामुळे धूर मारत असतात.

नोझल टेस्टर पण जुन्या सिंगल पंपाचा होतो. आपले जुने लोक अजून मायकोचा पंप म्हणतात, कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं तरी. पंप जाड पट्टीच्या चौकटीत बसव, खालून प्लंजर दाबायला लांब लिव्हर, वर टी, एका बाजूला ४०० किलोचं गेज, दुसऱ्या बाजूला इंजेक्टर. नोझल उघडतं त्याच्या थोडा खाली दाब आणून १० सेकंद धर, टोकाला थेंब लोंबता कामा नये. मग झटके देऊन फवारा बघ, बारीक धुकं सगळीकडे सारखं पडायला पाहिजे. गेज आणि हाय प्रेशर पाईप मात्र नवा घे, आणि जिथे दाब येतो तिथे वेल्डिंग नको, सगळे जोड आट्यांचे.

ह्या एका हत्याराबद्दल कळकळीने सांगतो. फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नकोस. दोनशे किलोचा फवारा कातडीतून आत शिरतो, वरून मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि आत डिझेल बोटाच्या नसांपर्यंत पसरलेलं असतं. उशीर झाला तर बोट जातं, हातही जातो. असं कुणाला झालं तर मलम लावून घरी पाठवू नका, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना सांगा की जास्त दाबाने डिझेल आत शिरलंय. पारदर्शक प्लास्टिकची बरणी नोझलवर उपडी बसव आणि फवारा तिच्यातच मार. ते धुकं पेट घेतं, म्हणून वेल्डिंग आणि बिडी दोन्ही लांब.

हवेच्या टाकीचं विचारलं होतंस. गॅसचं सिलेंडर अजिबात नाही, ते कंपनीच्या मालकीचं असतं आणि कापताना उरलेल्या गॅसचा भडका होतो. ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी शोध, ती मुळात हवेच्या दाबासाठीच केलेली असते. आत बॅटरी मारून बघ, गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर ती भंगारातच बरी. चांगली दिसली तर पाण्याने टेस्ट कर. प्लंबर लोकांकडे पाईप टेस्टिंगचा हातपंप असतो तो तासभर मागून आण, टाकी पाण्याने काठोकाठ भर, हवेचा बुडबुडाही ठेवू नकोस, आणि ८ किलोवर चालवणार असशील तर १२ किलोपर्यंत ने. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी पाण्याची चिळकांडी उडते आणि विषय संपतो. हीच टेस्ट हवेने केली तर तो बाँब आहे. सेफ्टी व्हॉल्व आणि प्रेशर स्विच नवेच लाव, खाली पाणी काढायचा कॉक ठेव आणि रोज संध्याकाळी उघड. त्यावर जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चालतो, सावकाश भरतो पण आवाज नाही. तो फ्रीजमधून कापून काढायचं काम फ्रीजवाल्याकडूनच करून घे, हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये पेट घेणारा गॅस असतो.

माल कुठे मिळेल, तर तालुक्याच्या भंगारवाल्याशी ओळख ठेव आणि ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्यांना पाटे, शाफ्ट बाजूला काढून ठेवायला सांग. पुण्याला गेलास तर मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे जुने डायल गेज, टॅप-डाय, जाड बॉक्स पाने मिळतात, टॅपचे दाते नखाने चाचपून घे. बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असेल तेच उचल, पुलरला बिननंबरी बोल्ट नको. लेथच्या कामाला कोल्हापूरच्या उद्यमनगरसारखी जागा नाही, पण तुझ्या जवळच्या लेथवाल्याकडेही पुलर होतो. त्याच्याकडे जाताना कागदावर माप लिहून नेऊ नकोस, फ्लायव्हीलच पिशवीत घालून ने आणि मशीनवरून काम उतरवायच्या आधी बॉडी पीस त्याच्यावर हाताने पूर्ण फिरवून बघ.